साचा गार होता

नेव्हिनच्या उतारावर, समुद्राच्या वीस पावलं अलीकडे
शिसं वितळताना इडवलच्या शेडचं दार सताड उघडं.
धूर बाहेर जायला, म्हणतो तो.
पण त्याच दारातून गारठा आत येतो,
आणि पाच औंसाचं वजन पोटाशी सुरकुततं,
हिवाळाभर फडताळात राहिलेल्या सफरचंदासारखं.

आज अकरा ओतली. नऊ बिघडली.

आधी त्याने साच्यावर खापर फोडलं.
दोन पाकळ्यांचा साचा, बिजागरीला तार गुंडाळलेली;
मेणबत्तीवर धरून त्याला आतून काजळी दिली,
डोळ्यात घालावी इतकी मऊ,
मग कढईच्या काठाशी तापत ठेवला.
पुढचं वजन निघालं तेही सुरकुतलेलंच,
फक्त आता काळं.

मग शिशावर.
कुणीतरी यात गाडीच्या चाकांची वजनं मिसळलीत,
जस्त आहे, जस्त, बघ कशी लापशी होतेय.
लापशी होत नव्हती.
हे बेथानिया चॅपलच्या छपराचं शिसं,
चॅपल बंद झालं तेव्हा त्याने तोलून घेतलेलं,
पावती अजून खिळ्याला आहे.
शंभरावर वर्षं पाऊस गेलाय त्यावरून,
म्हणून त्याचे तुकडे आम्ही दोन दिवस स्टोव्हमागे वाळवले.
एक थेंब राहिला तरी कढई उडते,
एम्लिनची भुवई तशीच गेली.
पाण्याची आणि शिशाची गाठ पडावी ती समुद्रातच,
आणि तीही शिसं निवल्यावर.

मेणाचा खडा टाकला. भपकन पेटला.
ढवळलं, राख वर आली, खरवडली,
खाली आरसा: त्यात आढं, त्यात त्याची लोकरी टोपी,
त्यात मी.

मग वाऱ्यावर. मग गॅसच्या सिलिंडरवर.
मग माझ्यावर, दारात उभी राहून उजेड अडवते म्हणून.

भिंतीवर त्याच्या नोंदी आहेत, वर्षानुवर्षांच्या.
मार्च: साचा गार.
मे: तोंड अरुंद, कानशीने रुंद केलं.
जुलै: घाई.
शिसपेन्सिलीत शिसं नसतं,
तसं या कारणांत कारण नव्हतं.
मी वाचत खाली आले
आणि अक्षरं सुटत गेली:
वरची कोरीव, चॅपलच्या पाटीसारखी,
सप्टेंबरची, ओल्या वाळूवर
चिखल्या पक्ष्यांनी धाव घ्यावी तशी.

बिघडलेलं एक वजन उचललं.
कमरेभोवती बारीक रेघ.
नख अडकतं तिच्यात.
खालचं शिसं आणि वरचं शिसं,
एकाच पळीतलं,
पण मध्ये हात थांबला, अर्धा श्वास,
तेवढ्यात खालच्याने साय धरली.
चिकटलंय. मिसळलेलं नाही.

चहाचा कप तो हल्ली दोन्ही हातांनी धरतो.
मला वाटलं होतं, थंडीमुळे.

"पळी जड झालीये का, ताद?"
तो समुद्राकडे बघत राहिला.
"पळी तीच आहे."

मग बराच वेळ फक्त बर्नरचा आवाज.

हातमोजे काढले त्याने, कातडी,
काढल्यावरही बोटं वाकलेलीच राहिलेले,
आणि बाकावर ठेवले.
त्याच्यासमोर नाही, माझ्यासमोरही नाही. मध्ये.
"एका दमात ओत," म्हणाला.
"मध्ये विचार केलास तर तो दिसतो."

ओतलं.
साचा त्यानेच उघडला, घाईने, बोट भाजून घेत.
गुळगुळीत. भरल्या पोटाचं.
वाळूत रुतायच्या चारही तारा सरळ.
उजेडात फिरवलं, पुन्हा फिरवलं,
शेवटी सापडलं त्याला:
"कडी वाकडी बसलीय."

खिशातली पेन्सिल माझ्या हातात दिली.
"लिही. ऑक्टोबर."
मी थांबले.
"लिही, साचा गार होता."

मी तसंच लिहिलं,
जमेल तितक्या कोरीव अक्षरात.